सुकतीची मोजणी

खात्याच्या फॉर्मवर दोनच रकाने,
दोष आणि उपाय.

पणजीहून रायबंदरला जाताना बसमधल्या कुणालाच
हा पूल वाटत नाही. रस्ता वाटतो.
डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं,
आणि मधून इतका सपाट, की आपण पाण्यावरून चाललोय
हे ड्रायव्हरही विसरलेला.
पूल कळतो तो खालून.
खालून येतं कोण?
सावळो, त्याची होडी, आणि वर्षातून एकदा मी,
टेप, टॉर्च, हातोडी घेऊन.

आधी कमानी मोजायच्या.
मागच्या ओव्हरसियरने लिहिल्या अडतीस,
त्याच्या आधीच्याने चाळीस.
मी पहिल्या वर्षी सदतीस, पुढच्या वर्षी एकोणचाळीस.
एक गाळाने बुजलेली, ती धरायची की सोडायची?
एकीचं अर्धं तोंड कांदळाच्या मुळांत.
सावळो वल्हं न थांबवता म्हणतो,
"मेजून कित्याक? उदकाक सगळें खबर आसा."
असेल.
पण साहेबासमोर पाण्याची सही चालत नाही.

पुलाला नाव समुद्रापलीकडून आलेल्या एका व्हिसरेईचं.
चिरा मात्र इथल्याच डोंगराचा,
चुना इथल्याच शिंपल्या भाजून केलेला, म्हणतात.
आणि कमान आधी दगडाची नसतेच.
आधी ती लाकडाची असते.
कुणी मेस्त गुडघाभर चिखलात उभा राहून
खांब ठोकतो, फळ्या जुळवतो,
सुकतीच्या सहा तासांत होईल तेवढं,
भरती चढली की वर, उतरली की पुन्हा खाली.
दगड नंतर येतात आणि त्या पाठीवर बसतात.
चुना धरला की सांगाडा काढायचा,
खालून, ठोके देत.
म्हणजे काढणारा त्या घटकेला
नेमका कमानीखालीच असतो.

सतराव्या कमानीत (माझ्या मोजणीने सतराव्या)
टॉर्च वर धरला
तर चुन्यात फळ्यांचे ठसे.
लाकडाच्या रेषा, अगदी ओल्या वाटाव्यात अशा,
आणि एक गाठ.
फणसाची असावी.
ते लाकूड कुणाच्या चुलीत गेलं असेल,
कुणाच्या गोठ्याची आडकाठी झालं असेल.
गाठ इथे राहिली, उलटी,
फुगीर होती तिथे खळगा.

"त्या काळचं काम बघा!" म्हणत
वरून लोक फोटो काढतात.
मला ते जमत नाही.
छ्याऐंशीच्या जुलैत मांडवीवरचा नवा पूल कोसळला,
सोळा वर्षांचा. मी चौथीत होतो.
माझ्या वडिलांनी त्याच्या सळया बांधल्या होत्या,
रोजावर, सांगितल्या तशा.
त्या रात्री आईने वाढलेलं ताट तसंच राहिलं.
ते दिव्याखाली बसून
आपले तळहात उलटसुलट करत होते,
बाजारात मासा पारखावा तसे.
मग कितीतरी दिवस फेरीबोटीची रांग,
आणि त्या रांगेत ते कधीच कुणाला म्हणाले नाहीत
की मीही तिथे होतो.

अहवालात गेल्या वर्षीची शिफारस आहे,
सगळ्या कमानींना आतून सिमेंटचा गिलावा.
मी ओल्या कागदावर लिहिलं,
"कमान १७. गिलावा करू नये."
कारणासाठी रकाना नाही.
साहेब विचारतील तेव्हा काहीतरी सांगेन,
क्षार, आर्द्रता, असलं काही.

"तकली सकयल!" सावळो ओरडला.
पाणी वळलं होतं.
होडी वर उचलली जात होती, बोट बोट,
टॉर्च पडला तळाशी आणि लोळत राहिला.
मी मान वाकवली, हात वर नेला,
अंधारात तो खळगा चाचपला,
त्यात अंगठा रोवला
आणि होडी बाहेर ढकलली.